प्रभुभोजन, बांध आणि "पवित्र" या शब्दाचं करायचं काय?

बांधावरचा

सलाम मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

विषय असा की चार महिने झाले मी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधे सगळ्यांनी मिळून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, घेतलेलं नाही. आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. पहिल्या वेळेला ताट आलं तेव्हा मान खाली घालून तसंच शेजारच्याकडं सरकवलं, दुसऱ्या महिन्यात सर्दीचं निमित्त केलं, तिसऱ्या महिन्यात शेतातल्या मोटारीची लाईट रात्रीची होती म्हणून सकाळी झोपून राहिलो आणि चौथ्या महिन्यात बायकोनं सरळ विचारलं की तुमचं चाललंय काय. कारण एवढंच की चुलतभावाशी बोलणं बंद आहे. बांधावरनं. नगर जिल्ह्यातल्या माणसाला बांध म्हणलं की पुढचं सांगायला लागत नाही.

त्यात परवा पाळकसाहेबांनी (म्हणजे आमचे पास्टर) बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायावर संदेश दिला, "तुम्ही पवित्र असा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे". चांगला चाळीस मिनिटं दिला. माझ्या दोन बाकं पुढं चुलतभाऊ बसलेला, मला त्याचं टक्कल दिसतंय, आणि डोक्यात तेवढंच चाललंय की हा पण पवित्र व्हायला आलाय, मी पण आलोय, आणि मधी साडेतीन फूट जमीन.

तर प्रश्न असा की रोजच्या जगण्यात पवित्र म्हणजे नक्की काय? दारू नाही, तंबाखू लग्नात सोडली ती सोडलीच, उत्पन्नाचा दशांश चर्चला देतो, रविवार सहसा चुकवत नाही. मग हे पोटात दुखतंय ते काय आहे? चर्चमधे विचारलं तर 'बंधू प्रार्थना करा' एवढंच. इथं मला कोणी ओळखत नाही म्हणून विचारतोय. स्पष्ट लिहा.

वेगळा_केलेला

प्रेज द लॉर्ड ब्रदर. पवित्र याला मूळ हिब्रू शब्द कादोश आणि त्याचा अर्थच वेगळा केलेला, राखून ठेवलेला. माझा आयडी त्याच्यावरूनच आहे. जगात राहायचं पण जगासारखं वागायचं नाही. आमच्या मंडळीत सिनेमा नाही, दागिने नाहीत, व्यसन तर नाहीच नाही. तुमच्या मनात कटुता आहे तोपर्यंत तुम्ही प्रभुभोजन घेत नाही हे योग्यच करताय, आधी मन साफ करा मग घ्या.

खोडसाळ_बुवा

दागिने नाहीत हे ठीक पण पास्टरची गाडी कुठली आहे हो तुमच्या? 😀

वेगळा_केलेला

@खोडसाळ, गाडी आहे आणि त्याच्यावर आमच्यात पण कुजबुज आहे, खोटं कशाला बोलू. पण मी वेगळं होणं का म्हणतो ते सांगतो. माझे वडील मिलमधे होते. पगाराच्या दिवशी आई मला कडेवर घेऊन गेटवर जाऊन उभी राहायची, कारण गेट ते घर यात दोन गुत्ते होते आणि पगार दुसऱ्याच्या पुढे कधी यायचा नाही. वडिलांनी प्रभूला स्वीकारलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्यांना कुणी थिऑलॉजी शिकवली नाही, एवढंच सांगितलं की आता तुम्ही वेगळे, तो रस्ता तुमचा नाही. ते खरोखर दुसऱ्या रस्त्याने घरी यायला लागले, वीस मिनिटं जास्त चालून. आईने गेटवर जाणं बंद केलं. तुम्हाला सिनेमा न बघणं हास्यास्पद वाटत असेल, मला पण कधी कधी जास्त वाटतं, पण ज्या घरात "वेगळं" या एका शब्दाने पगार घरी आला त्या घरातल्या माणसासमोर त्या शब्दाला हसू नका.

खोडसाळ_बुवा

मागे घेतो. सॉरी.

मंजिरी_पुणे

मी हिंदू आहे, इथे कुतूहलाने वाचतेय, चुकीचं बोलले तर सांगा. मला "पवित्र" म्हटलं की माझी आजी आठवते. आजीचं सोवळं. ती स्वयंपाकाला बसली की आम्ही मुलांनी लांब उभं राहायचं, शाळेच्या कपड्यांचा स्पर्श झाला की पुन्हा आंघोळ. म्हणजे आमच्या घरात पवित्र हे फार नाजूक प्रकरण होतं, कशानेही मोडायचं. तुमच्यात पण तसंच आहे का? कारण ते दागिने नाहीत, सिनेमा नाही हे ऐकून मला ते सोवळ्यासारखंच वाटलं, फक्त वस्तू वेगळ्या.

लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी वाचल्यात मी. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि बाईंचा १९०० चा, आणि मधल्या काळात त्यांचं सोवळं सुटता सुटत नव्हतं, ते त्यांनी स्वतःच किती मिश्कीलपणे लिहिलंय. मला नेहमी प्रश्न पडायचा की ते सोवळं सुटलं तेव्हा त्यांना आपण कमी पवित्र झालो असं वाटलं असेल की जास्त?

आजोबा_७१

मंजिरीताई, प्रश्न बरोबर जागी विचारलात. मी शाळामास्तर होतो, आता रिटायर, महिन्यातून एखाद्या रविवारी पाळकसाहेब बाहेरगावी असले की मला संदेश द्यायला उभं करतात एवढाच माझा अधिकार.

आमची अडचण तुम्हाला सांगतो. आमच्या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ ला आलं, आणि पुढे जे ख्रिस्ती झाले त्यातले बहुतेक महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले. म्हणजे माझे पणजोबा-खापरपणजोबा. ह्या लोकांना "पवित्र" हा शब्द आधीपासून माहीत होता, पण तो त्यांना विहिरीपासून लांब ठेवणारा शब्द म्हणून. पवित्र म्हणजे जे आपल्यामुळे बाटतं ते. आणि मग त्याच लोकांना बायबलातली पौलाची पत्रं वाचून दाखवली गेली, त्यात मंडळीतल्या साध्या माणसांना "पवित्र जन" म्हटलंय. तुम्हीच पवित्र जन. ही काय चीज असेल त्या माणसासाठी, विचार करा. मी अजून वाचताना थांबतो तिथे.

आता बघा मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येतो आणि प्रभू येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. नियमाप्रमाणे प्रभू अशुद्ध व्हायला हवा. होत नाही, उलट तोच माणूस शुद्ध होतो. म्हणजे सोवळ्यात विटाळ पसरतो आणि पावित्र्य पळतं, इथे पावित्र्यच पसरतंय. आजीचं पावित्र्य नाजूक होतं म्हणालात ना, हे तसं नाजूक नाही.

अर्थात आम्ही काय शिकलो? आमच्यातल्या लग्नाच्या जाहिराती बघा. ख्रिस्ती झालो तरी मूळ कुठले हे अजून हळूच विचारलं जातं.

राहिलं बांधावरचा यांचं. बाबा, लेवीय १९ ची दुसरी ओवी सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या खालचं वाचलंस का? पवित्र असा म्हणून देव पुढे काय सांगतो? आईबापाचा मान राखा. शेताच्या कडेपर्यंत पूर्ण कापणी करू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. चहाड्या करत फिरू नका. मग शेजाऱ्यावर प्रीती. आणि शेवटी शेवटी ३५ व्या ओवीत, मोजमापात खोटेपणा करू नका. नुसतं वजन-माप नाही, लांबीचं मोज सुद्धा आहे त्यात. बाबा, तुझ्या पाळकसाहेबांनी चाळीस मिनिटांत ३५ वी ओवी घेतली का?

आणि एक विचारतो, राग मानू नकोस. बांध कोणी कोरला?

बांधावरचा

आजोबा ३५ पर्यंत नाही आले, आठराव्यावर संपवलं.

बांधाचं लांबलचक आहे, दोन्ही बाजू असतात. मला मुद्दा पवित्रतेचा विचारायचा होता.

आजोबा_७१

बरं.

वसईचा_वारा

वसईकर कॅथलिक इथून लिहितोय. आमच्याकडे प्रश्न थोडा वेगळ्या बाजूने येतो कारण आमच्याकडे "संत" म्हणून अधिकृत माणसं असतात. आमच्या वसईचाच संत गोन्सालो गार्सिया, १५९७ ला जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला, १८६२ ला संत म्हणून घोषित झाला. लहानपणी मला वाटायचं पवित्र व्हायचं तर जपानला जावं लागतं. खरंच वाटायचं. आणि आपण तर वसई रोडच्या पुढे जात नाही.

आमच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ ला स्पष्ट लिहिलं की पवित्रतेचं बोलावणं सगळ्यांना आहे, फक्त फादर-सिस्टरांना नाही. आणि पोप फ्रान्सिस यांचं २०१८ चं पत्र आहे ना, गौदेते एत एक्सुलताते, त्यात एक बाई आहे, ती बाजारात जाते, शेजारीण भेटते, गप्पा सुरू होतात, आणि गप्पा कुणाच्या तरी निंदेवर येतात. तेव्हा ती मनात म्हणते, नाही, मी कुणाबद्दल वाईट बोलणार नाही. पोप म्हणतात हे पवित्रतेतलं एक पाऊल. मग घरी येते, दमलेली असते, पोरगं काहीतरी सांगायला बसतं, ती ऐकते. झालं. एवढंच उदाहरण. मी ते वाचलं आणि हसलो, कारण आमच्याकडे मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर चर्चच्या आवारात जी पंधरा मिनिटं असतात ना, त्यात आत मिळवलेलं सगळं बाहेर फेडून होतं. कोणाची मुलगी कोणाबरोबर, कोणी वाडी कितीला विकली. माझी आई, केळी विकायची, पहाटेच्या लोकलने पाट्या घेऊन जायची. चौथ्या सीटवर बसायला मिळालं की गप्पा. ती निंदेला बसली की मधेच म्हणायची "चल उठते, पाटी सरकवायचीय". पाटी कुठेच सरकवायची नसायची. मला हे ती गेल्यावर तिच्या बरोबरच्या बायकांनी सांगितलं.

बांधावरचा भाऊ, आमच्याकडे पापनिवेदनाची, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करायची सोय आहे. तुमच्याकडे नाही म्हणून तुम्ही इथे लिहिताय असं मला वाटतं. चांगलं आहे, लिहा.

भगवी_लाट

[हा प्रतिसाद संपादकांनी उडवला आहे.]

संपादक

धर्मांतर, तांदूळ, पाव वगैरे नेहमीचे टोमणे इथे नकोत. वेगळा धागा काढू नका, तोही उडेल.

सिस्टर_नाइटड्युटी

ड्युटीवरून आले, चहा ठेवलाय, तोपर्यंत लिहिते. मी नर्स आहे, बावीस वर्षं.

सगळ्यांचं वाचलं. मला एक सांगायचंय, पवित्र हे फक्त "करू नका" मधे नसतं. रात्री तीन वाजता एक म्हातारे पेशंट, अंथरूण खराब झालेलं, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बरं का. पहिल्या वेळेला आपण प्रेमाने करतो, दुसऱ्या वेळेला ड्युटी म्हणून, आणि तिसऱ्या वेळेला जे काय करतो ना तिथे कळतं आपण कोण आहोत. ते बाबा शरमेने भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी त्यांना म्हटलं बाबा माझ्या मुलाचं तर मी पाच पाच वेळा केलंय. ते काही बोलले नाहीत पण तोंड इकडे केलं. मला त्या रात्री कुठलं वचन आठवलं नाही, कुठलं गाणं नाही. पाठ दुखत होती. पण नंतर वाटलं की हे काहीतरी होतं. आणि सगळ्या रात्री अशा नसतात हे पण सांगते, मी खेकसते सुद्धा, गेल्याच आठवड्यात एका नातेवाईकावर इतकी ओरडले की नंतर जाऊन सॉरी म्हणायला लागलं.

लहानपणी आमची संडे स्कूलची सहल केडगावला मुक्ती मिशनला गेली होती. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणलं हे सगळे सांगतात. मला तिथे आवडलं ते हे की ते छापलं पण तिथेच, खिळे जुळवले ते तिथल्या मुलींनी आणि बायांनी. दुष्काळात उचलून आणलेल्या, टाकलेल्या. शिशाचा एकेक खिळा चिमट्याने उलटा लावायचा. रमाबाई १९२२ ला गेल्या आणि पुस्तक पूर्ण बाहेर आलं १९२४ ला, म्हणजे त्यांच्या हातात ते पूर्ण आलंच नाही. मला कोणी पवित्र म्हणजे काय विचारलं तर मला भाषांतर करणाऱ्या बाईपेक्षा ती खिळे लावणारी मुलगी दिसते, जिला कदाचित त्यातला अर्धा मजकूर कळत पण नसेल पण काना-मात्रा चुकवायचा नव्हता.

चहा उतू गेला 🤦

आजोबा_७१

सिस्टर, तुमच्यासाठी जखऱ्याच्या पुस्तकातला अगदी शेवटचा भाग. जुन्या करारात प्रमुख याजकाच्या कपाळावर सोन्याची पट्टी असायची, तिच्यावर कोरलेलं, परमेश्वरासाठी पवित्र. एका माणसाच्या एका कपाळावर. आणि जखऱ्या म्हणतो असा एक दिवस येईल की हेच शब्द घोड्यांच्या घंटांवर असतील, आणि यरुशलेमेतलं प्रत्येक भांडं पवित्र असेल. घोडा म्हणजे त्यांच्यात काही पवित्र जनावर नव्हे. घंटा आणि स्वयंपाकाची पातेली. तुमचं उतू गेलेलं पातेलं पण त्यात धरा.

पाळकाची_मुलगी

मी जरा कडू लिहिणार आहे.

मी पाळकाच्या घरात वाढले. बंगला चर्चच्या आवारातच, खिडक्या सगळ्यांना दिसणाऱ्या. "पवित्र घर" म्हणजे काय ते मला विचारा. मोठ्याने भांडायचं नाही, कारण आवाज बाहेर जातो. पडदे चांगले. आईची साडी साधी पण इस्त्रीची. पप्पा वेदीवर उभे राहून जे बोलायचे ते सुंदर बोलायचे आणि ते खोटं होतं असं मी म्हणत नाही, पण आईने कधी चूक करायची परवानगी त्या घरात नव्हती. म्हणून मला हा शब्दच नको वाटतो.

आणि दुसरं. "समेट कर" हे वचन मी किती बायकांना सांगितलेलं ऐकलंय. नवरा मारतो, तोंड सुजवून महिला मंडळात आलेली बाई, आणि तिला काय सांगायचं, क्षमा कर, समेट कर, नाहीतर प्रभुभोजन कसं घेशील. तिने काय करायचं समेट? म्हणून मी मोठी झाल्यावर ते मत्तय ५ मधलं वचन नीट वाचलं. तुम्ही पण वाचा. तिथे असं लिहिलेलं नाही की तुझ्या मनात कोणाबद्दल राग असेल तर जा. तिथे लिहिलंय की वेदीपाशी तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने उठून जायचंय. मार खाणारीने नाही, मारणाऱ्याने. हे वचन कायम उलटं वापरलं गेलंय.

@बांधावरचा, तुमच्या बांधाचं मला काही माहीत नाही. पण तुमचा सगळा धागा तुमच्या मनातल्या रागाबद्दल आहे. तुमच्या चुलतभावाच्या मनात काय आहे ते त्यात एकदाही आलेलं नाही.

वसईचा_वारा

बाप रे. हे मी पन्नास वेळा ऐकलंय मिस्सात, असं कधी ऐकलं नव्हतं.

वेगळा_केलेला

@पाळकाची_मुलगी, सिस्टर, तुम्ही जे लिहिलं ते बरोबर आहे आणि मला लाज वाटली, कारण मी पण एका बहिणीला हेच सांगितलं होतं. तिला फोन करतो.

मंजिरी_पुणे

एक बावळट प्रश्न मधेच. आमच्या सोसायटीत एक ख्रिश्चन कुटुंब आहे, गणपतीत प्रसाद दिला की काकू घेतात पण खात नाहीत, काका समोरच खातात. मी गोंधळते. द्यावा की नाही?

खोडसाळ_बुवा

काकांना दोन द्या.

आजोबा_७१

मंजिरीताई, बावळट नाही, ह्याच्यावर पौलाने पानंच्या पानं लिहिली आहेत करिंथच्या लोकांना. थोडक्यात त्याचं म्हणणं, मूर्ती म्हणजे काही नाही हे ज्याला पक्कं कळलंय त्याला अन्नाचा बाध नाही, पण ज्याच्या विवेकाला टोचतं त्याला जबरदस्ती करू नये, आणि खाणाऱ्याने न खाणाऱ्याला अडखळवू नये. अर्थात तो इथे एक वेगळंही म्हणतो, की हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर खाऊ नका. म्हणून दोन्ही मतं शास्त्रातूनच निघतात आणि आमच्यात ह्याच्यावरून घरं फुटली आहेत. तुम्ही द्या. हसून द्या. काका-काकूंचं ते बघतील.

आणि करिंथचं निघालंच आहे तर प्रभुभोजनाचं पण तिथलंच सांगतो. अयोग्य रीतीने भाकर खाऊ नका, आधी स्वतःची परीक्षा करा, हे वचन घेऊन आपली निम्मी मंडळी घाबरून बसते. पण तिथे झालं काय होतं? ज्यांच्याकडे होतं ते लवकर येऊन खाऊन-पिऊन मोकळे व्हायचे आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी राहायचे. पौल त्याच्यावर चिडलाय. म्हणजे अयोग्य म्हणजे मनात वाईट विचार आला एवढं नव्हे, शेजारच्याच्या वाट्याचं खाऊन मग भाकर हातात घेणं.

बांधावरचा

दोन दिवस लिहिलं नाही कारण लिहिता येत नव्हतं.

आजोबांनी विचारलं बांध कोणी कोरला. मी टाळलं. बांध आमच्याकडनं कोरला गेला. वडिलांनी. एकदम नाही, दर वर्षी नांगरट करताना बोटभर, वितभर. लोखंडी नांगराचं फाळ जरा पलीकडं धरायचं. मी ट्रॅक्टर घेतल्यावर मी पण धरलं, मला माहीत होतं आणि मी धरलं. चुलता सरळ माणूस होता, बोलला नाही. आता चुलतभाऊ बोलतो तर आम्ही म्हणतो कागद दाखव. साडेतीन फूट रुंद आणि चारशे फूट लांब, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आसपास. त्याच्यात एक सरी ऊस बसतो. एका सरीसाठी.

आणि मी धाग्यात लिहिलं काय, तर माझ्या मनात कटुता आहे म्हणून मी प्रभुभोजन घेत नाही, म्हणजे मी किती चांगला. पाळकाची_मुलगी बरोबर बोलल्या. मला त्याच्याबद्दल राग असा नाहीच, त्यालाच आहे माझ्याबद्दल. मला त्याचं टक्कल दिसतं कारण मी त्याच्या तोंडाकडं बघू शकत नाही.

वडील आता अंथरुणावर आहेत. त्यांना मी काही बोललो नाही.

सिस्टर_नाइटड्युटी

🙏 लिहिलंत ते बरं केलंत.

आजोबा_७१

बाबा, जुन्या करारात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्यात शापांची एक यादी आहे, प्रत्येक शापाला सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं. त्यात शेजाऱ्याची सीमा सरकवणाऱ्याला शाप आहे. हे तुला घाबरवायला सांगत नाही. एवढंच सांगतो की तीन हजार वर्षांपूर्वीसुद्धा लोक असंच बोटबोट सरकत होते, तू काही नवीन पाप शोधून काढलेलं नाहीस.

वडिलांना आत्ता काही बोलू नकोस. नांगर आता तुझ्या हातात आहे.

वेगळा_केलेला

ब्रदर प्रार्थनेत आठवण करतोय. आणि मी पहिल्या प्रतिसादात घेऊ नका म्हटलं ते घाईत म्हटलं.

बांधावरचा

अपडेट. उशीर झाला, माफ करा, महिना झाला.

मी गेलो त्याच्याकडं. संध्याकाळी, तो धार काढत होता. मी म्हणलं मोजणी आणू, पैसे मी भरतो. तो म्हशीच्या पोटाआडनं म्हणला, कशाला, परत कागद दाखव म्हणायला का. मी म्हणलं नाही, निघंल ते निघंल. मग मी वचन वगैरे काढणार होतो, मनात जुळवून गेलो होतो, पण त्यानं हातात चरवी दिली आणि म्हणला जरा धर. धरली. वहिनीनं चहा दिला, गुळाचा. पवित्र वगैरे काही वाटलं नाही, चोरी कबूल करायला गेल्यावर जसं वाटतं तसं वाटलं.

भूमी अभिलेखला अर्ज केला, तातडीची फी भरली. मोजणीवाले साहेब परवा येऊन गेले, ते रोव्हर का काय यंत्र असतं ते घेऊन. हद्दीची खूण आमच्या उसात निघाली, मी सांगितलं त्यापेक्षा थोडी जास्तच आत. साहेबांनी चुन्यानं खूण केली तेव्हा बघायला निम्मं गाव होतं, एकजण म्हणला पण की हा येडा झाला काय, स्वतःची मोजणी स्वतःवर आणतोय. चुलतभाऊ काही बोलला नाही. नंतर जाता जाता म्हणला ऊस तुटू दे, तुझा तू तोड, दगड मग लावू. मी म्हणलं ती सरी तुझी, तूच घाल कारखान्याला. त्याच्यावर अजून ठरलं नाही. म्हणजे आता भांडण उलटं चालू आहे.

वडिलांना कोणीतरी सांगितलंच. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय. त्याचं काय करायचं ते कळत नाही, लेवीय १९ मधे आईबापाचा मान राखा हे पण आहेच.

येत्या रविवारी पहिला रविवार आहे. बघू.

एक विचारायचं होतं, इथं शेती करणारे कोणी असतील तर, हद्दीला दगड बरा का सिमेंटचा खांब? मोजणीच्या नकाशाची क प्रत आली की लावायचाय.

खोडसाळ_बुवा

मी धागा पहिल्यापासून वाचतोय, चेष्टा करायला आलो होतो. काही नाही, एवढंच.

पाळकाची_मुलगी

वडिलांजवळ नुसतं बसा. बोलायलाच पाहिजे असं नाही.

आजोबा_७१

दगड घे. सिमेंटचा खांब ट्रॅक्टर लागला की मोडतो आणि मग पुन्हा तेच. दोन फूट तरी खाली जाऊ दे, आणि खाली कोळसा आणि विटांचे तुकडे टाक, वरचा दगड कोणी हलवला तरी खालची खूण राहते. आमच्या वडिलांनी असंच केलं होतं.